लावल्याचं आणि लावायचं

लालबागहून एका मुलीचं पत्र आलंय. थोडं कापून देते:

‘बाई, नमस्कार. मी लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचून समजतं, लिहायची वेळ आली की घाम फुटतो. गेल्या महिन्यात साहेबांना ग्रुपवर मेसेज टाकला : सर, प्लीज रिमेंबर मी अबाऊट द फाइल टुमॉरो. त्यांनी उत्तर दिलं : शुअर, आय विल रिमेंबर यू फॉरएव्हर. सगळा ग्रुप हसला. ते सोडून दिलं. पण मागच्या आठवड्यात व्हाउचरचं कपाट सकाळी उघडं सापडलं. आदल्या संध्याकाळी शेवटची निघालेली मी. गेलं काहीच नाही, तरी माझ्याकडून लेखी मागितलं. कुलूप लावल्याचं आणि चावी वॉचमनकाकांच्या हातात दिल्याचं मला स्पष्ट आठवतंय. मी मेल केला : आय रिमेंबर टू लॉक द कपबोर्ड. उलट उत्तर आलं की तुम्ही एरवी काय करता ते विचारलेलं नाही, त्या दिवसाचं सांगा. म्हणजे मी टाळतेय असं त्यांना वाटलं. माझं चुकलं कुठे? शाळेतली मैत्रीण लंडनला गेलीय, तिलाही मी आय रिमेंबर यू व्हेरी मच असं लिहिलं होतं, तर तिचा नवरा म्हणे हसला. अठरा हजारांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? कपाटाचं उत्तर सोमवारपर्यंत द्यायचंय.’

प्रिय मुली,

साहेबांच्या उत्तरावर मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. कपाटाचं वाचलं तेव्हा मात्र हसू गेलं. सोमवार तोंडावर आलाय, तेव्हा आधी कपाट. साहेब थांबू शकतात.

मला लिहिताना तू लिहिलंस, ‘कुलूप लावल्याचं आठवतंय.’ ऑफिसला लिहिताना लिहिलंस, ‘आय रिमेंबर टू लॉक.’ तुझ्या लेखी ही दोन्ही वाक्यं एकच. पण त्या इंग्रजी वाक्याचं मराठी ‘कुलूप लावायचं माझ्या लक्षात असतं’ असं होतं. रोजचं, सवयीचं. त्यांनी विचारलं त्या संध्याकाळचं आणि तू सांगितलंस बारा महिन्यांचं. त्यांचा स्वर मलाही आवडलेला नाही, पण प्रश्न रास्त होता.

‘लावल्याचं’ आणि ‘लावायचं’. हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून नीट बघ, कारण तुझा सगळा घोटाळा याच फटीत आहे, आणि ही फट मराठीत आधीपासून आहे. लावल्याचं म्हणजे काम होऊन गेलंय, आठवण मागून आलीय. लावायचं म्हणजे काम अजून व्हायचंय, आठवण आधी आलीय. हाच फरक इंग्रजी क्रियापदाचं शेपूट बदलून दाखवतं. लावल्याचं आठवतं : रिमेंबर लॉकिंग. लावायचं लक्षात राहिलं : रिमेंबर्ड टू लॉक. टू आला की आठवण पुढे आणि काम मागे. आयएनजी आलं की काम पुढे, आठवण मागे.

तू सकाळी घरातून निघतेस, करी रोडच्या पुलापर्यंत पोहोचतेस आणि पोटात धस्स होतं, गॅस बंद केला का? मुंबईत हे झालं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. पुलावर उभी राहून तू म्हणतेस, ‘बंद केल्याचं आठवत नाही.’ इंग्रजीत ते होईल : आय डोन्ट रिमेंबर टर्निंग इट ऑफ. गॅस बहुतेक बंद आहे, फक्त डोक्यात त्याची नोंद नाही. आता दुसरं वाक्य घे : आय डिडन्ट रिमेंबर टू टर्न इट ऑफ. म्हणजे बंद करायचं लक्षातच राहिलं नाही, गॅस चालू आहे, पळ घरी. पहिल्यात शंका आहे, दुसऱ्यात कबुली. कपाटाच्या मेलमध्ये या दोहोंची अदलाबदल झाली असती तर? न केलेला गुन्हा तू स्वतःच्या सहीनं कबूल करून बसली असतीस. तू निदान सवयीवरच थांबलीस, हे नशीब समज.

‘विसरणे’ही याच चालीनं चालतं. सांगायचं विसरले : फरगॉट टू टेल. सांगितल्याचं विसरले : फरगॉट टेलिंग. दुसरं माझं हल्ली फार होतं. तोच किस्सा त्याच माणसाला दोनदा सांगते आणि समोरचा बिचारा दोन्ही वेळा हसतो.

आणखी एक जोड आहे, ती मला सगळ्यांत आवडते. ‘आजी पोळ्या लाटताना आठवते.’ इथे आपला ‘ताना’ आणि त्यांचं आयएनजी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून येतात : आय रिमेंबर माय ग्रँडमदर रोलिंग पोळीज. पोळीला चपाती म्हणावं की ब्रेड, या वादात मी पडत नाही.

हे सगळं तुला शाळेत असं का सांगितलं नाही? कारण आम्ही शिकवणाऱ्यांनी सांगितलं नाही. माझ्यासकट. परळच्या एका रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले ती १९८१ साली. वर्गात निम्मे गिरणी कामगार, पहिली पाळी करून आलेले, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. एका संध्याकाळी मी फळ्यावर लिहिलं, आय रिमेंबर, म्हणजे मला आठवतं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, मला म्हणजे तर मी. मग टू मी कुठे गेला?’ मी सांगितलं, ‘ते तसंच असतं, पाठ करा.’ पुढच्या जानेवारीत, १८ तारखेला, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू तो बाकच रिकामा झाला. त्या माणसाला धड उत्तर द्यायचं राहून गेलं. आता तुला देते.

मराठीत आठवण करणारा मी नसतोच. आठवण स्वतःच्या पायांनी येते आणि मी फक्त तिला दार उघडतो. मला आठवतं, मला भूक लागते, मला राग येतो, मला झोप येते. या सगळ्या गोष्टी आपल्याकडे पाहुण्यासारख्या येतात. इंग्रजीत मात्र तो माणूस कर्ता होऊन बसतो : आय रिमेंबर. झोपेतसुद्धा तोच कर्ता. त्यामुळे आपण ‘मला’चं ‘आय’ करतो खरे, पण आपल्या आत तो ‘मला’च राहतो. मग ‘मला फाइलची आठवण करा’ असं काहीतरी मनात असतं आणि हात लिहितो, रिमेंबर मी.

इथे तुझे साहेब आले. आठवण येणं आणि आठवण करून देणं हा फरक मराठीत ‘करून देणे’ या दोन शब्दांवर उभा आहे. इंग्रजीत त्याला वेगळा शब्दच आहे, रिमाइंड. प्लीज रिमाइंड मी अबाऊट द फाइल, एवढंच हवं होतं. जे स्वतःच्या डोक्यात होतं ते रिमेंबर, जे दुसऱ्याच्या डोक्यात घालायचं ते रिमाइंड. फोनमध्ये आपण लावतो तो रिमाइंडर, त्याला कोणी रिमेंबरर म्हणत नाही, एवढं ध्यानात ठेवलंस तरी पुरे. मात्र रिमाइंडच्या मागे काय जोडायचं ते जरा जपून. रिमाइंड मी टू कॉल, म्हणजे फोन करायची आठवण कर. रिमाइंड्स मी ऑफ माय ब्रदर, म्हणजे याला पाहून भाऊ आठवतो. साहेबांना चुकून ऑफ लावलास तर ग्रुपला आणखी एक दिवस करमणूक.

आणि त्यांच्या हसण्याचं फार मनावर घेऊ नकोस. ‘छत्री लोकलमध्ये विसरलो’ याचं इंग्रजी त्यांना करायला सांग. दहातले नऊ जण सांगतील, आय फरगॉट माय अंब्रेला इन द ट्रेन. जागा सांगायची असली की इंग्रजीत विसरत नाहीत, ठेवून येतात : आय लेफ्ट माय अंब्रेला ऑन द ट्रेन. नुसतं ‘छत्री विसरलो’ असेल तर फरगॉट चालतं. हे साहेबांना ग्रुपवर मात्र विचारू नकोस, पुढच्या वर्षीचं इन्क्रिमेंट आहे.

आता लंडन. ‘तुझी खूप आठवण येते’ याला रिमेंबर लागत नाही, मिस लागतं : आय मिस यू. रिमेंबर यू म्हटलं की अर्थ होतो, तू कोण ते माझ्या लक्षात आहे. शाळेच्या बाकावर दहा वर्षं शेजारी बसलेल्या मैत्रिणीला असं कळवणं म्हणजे तिला ओळखपरेडीत उभं करणं. नवरा हसणारच. आपल्याला मिस म्हटलं की आठ सतराची फास्ट आठवते, ती सुटल्यावर होणारी चिडचिड आठवते, म्हणून तो शब्द मायेच्या जागी घालायला जीव धजत नाही. पण गोष्ट तीच आहे. जे हवं होतं ते जवळ नाही. गाडी काय आणि मैत्रीण काय.

तुझ्या पत्रात एक चूक नव्हती, पण बोलताना तू ती करत असशील असा माझा अंदाज आहे, म्हणून सांगून टाकते. ‘आठवतंय’मधला ‘तंय’ आपल्याला फसवतो. करतेय म्हणजे ॲम डूइंग, जातेय म्हणजे ॲम गोइंग, मग आठवतंय म्हणजे ॲम रिमेंबरिंग. नाही. आठवणं ही इंग्रजीत करत राहायची क्रिया नाही, ती एक अवस्था आहे, नो आणि बिलीव्हच्या पंगतीतली. स्पष्ट आठवतंय : आय क्लिअरली रिमेंबर. अचानक आठवलं की आपण ‘आठवलं!’ म्हणतो, भूतकाळात. त्यांच्याकडे वर्तमान : ओह, आय रिमेंबर नाऊ. याला अपवाद आहे आणि तो मुंबईतच बघायला मिळतो. २१ नोव्हेंबरला हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना वंदन करतात. तिथे ‘आज आपण हुतात्म्यांचं स्मरण करत आहोत’ याचं इंग्रजी ‘टुडे वी आर रिमेंबरिंग’ असं बरोबर होतं, कारण तिथे आठवण आपोआप येत नाही, ती करायची असते. जमलेल्यांतल्या बहुतेकांचा १९५५ साली जन्मही झालेला नसतो.

हे लिहिताना २६ जुलै आठवला. २००५ साली त्या मंगळवारी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा मला माहीत आहे. पण कमरेएवढ्या पाण्यातून वांद्र्याहून दादरला चालत आल्याचं मला आठवतं, माहीमजवळ उजव्या पायातली चप्पल गेल्याचं आठवतं, आणि कुणा अनोळखी बाईनं माझ्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधल्याचं आठवतं. आकड्याला आय नो, चपलेला आय रिमेंबर. एन्डेल टुल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञानं १९८५ साली आपल्या प्रयोगांत हीच दोन साधी क्रियापदं वापरली. शब्दांची यादी दाखवून माणसांना विचारायचं की हा शब्द वाचल्याचा तो क्षण आठवतोय का, की नुसतं वाचला होता एवढं माहीत आहे? रिमेंबर की नो? स्मृतीच्या अभ्यासात ती जोडी आजही चालते. तुझ्या कपाटाला हेच लागू आहे. कुलूप लावलं असणारच, रोज लावते, हे झालं नो. खटका बसल्याचा आवाज, हातातली चावी, वॉचमनकाकांचा चेहरा, हे झालं रिमेंबर. ऑफिसला दुसरं हवंय.

शब्दाच्या कुळाचं दोन ओळींत. मोबाइलवर एक सुविचार फिरतो की रिमेंबर म्हणजे री-मेंबर, तुटलेले अवयव पुन्हा जोडणं. ऐकायला छान, पण खोटं. अवयववाला मेंबर वेगळ्या घरचा आहे. हा शब्द लॅटिनमधल्या मेमॉर, म्हणजे ध्यानात ठेवणारा, या शब्दाकडून जुन्या फ्रेंचमार्गे १४व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. मेमरी त्याची सख्खी बहीण. रिमाइंड पुष्कळ नंतरचा, घरच्या माइंडला री जोडून १७व्या शतकात केलेला. आणि माइंडचा जुना अर्थ मन नव्हता, आठवण होता. म्हणूनच कीप इन माइंड म्हणजे लक्षात ठेव, स्लिप्ड माय माइंड म्हणजे ध्यानातून निसटलं. पाठ केलेलं मात्र ते बाय हार्ट म्हणतात, हृदयात ठेवतात. आपण तोंडपाठ म्हणतो. पाढे घोकलेल्या माणसाला विचारशील तर आपलं खरं आहे.

रिमेंबर मी हे शब्द नेहमीच चूक असतात असंही समजू नकोस. माझ्या तरुणपणी दादर पारसी कॉलनीत एका म्हाताऱ्या बाईंकडे मी संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जायचे. त्यांची नजर गेली होती. निघताना त्या म्हणायच्या, ‘रिमेंबर मी टू युवर मदर.’ मी घरी येऊन आईला सांगितलं, ‘बाई म्हणतात, आईला माझी आठवण करून दे.’ आई पोळी उलटता उलटता थांबली आणि म्हणाली, ‘मी विसरले कधी त्यांना?’ पुढच्या खेपेला तिनं माझ्याबरोबर डबा पाठवला, घारग्यांचा. खूप वर्षांनी कळलं की ते नुसतं ‘आईला नमस्कार सांग’ होतं. आता असं कोणी फारसं बोलत नाही. मला ते वाक्य तेव्हा कळलं असतं तर घारगे गेले नसते, म्हणून न कळलं तेच बरं झालं.

अठरा हजारांचा क्लास आत्ता लावू नकोस. क्लासवाले तुला पहिल्याच दिवशी सांगतील की मराठीतून विचार करणं बंद करा. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तू मराठीतून अर्धवट विचार केलास म्हणून घसरलीस. ‘आठवण’ एवढ्यावर थांबलीस आणि शब्दकोश उघडलास. आठवण येते, होते, काढतात, ठेवतात, करून देतात. लक्षात असतं, राहतं, ठेवतात, आणि लक्षात येतं. त्यातलं शेवटचं तर आठवणीचं नाहीच, ते रिअलाइझ. यातलं नेमकं कुठलं, हे आधी मराठीत ठरव. ते ठरलं की इंग्रजी शब्द निवडणं हे राहिलेलं पाव काम. महिनाभर रोज पाच मेल असे लिही, आधी एक ओळ मराठीत आणि खाली इंग्रजी. तरीही अडलं तर मला लिही, मी अठरा हजार घेत नाही.

आता सोमवारचा मेल. हे वाक्य घाल : आय रिमेंबर लॉकिंग द कपबोर्ड दॅट इव्हनिंग अँड हँडिंग द की टू द वॉचमन. पुढे साधारण किती वाजले होते ते लिही. आधीच्या मेलबद्दल माफीबिफी नको, ‘टू क्लॅरिफाय’ एवढं सुरुवातीला पुरे. मात्र पाठवायच्या आधी एकदा शांत बसून स्वतःला विचार, खरंच आठवतंय, की आठवतंय असं आठ दिवस सगळ्यांना सांगून सांगून आठवायला लागलंय? दुसरं असेल तर त्यालाही स्वच्छ वाक्य आहे : आय ऑलवेज लॉक इट, बट आय डोन्ट स्पेसिफिकली रिमेंबर लॉकिंग इट दॅट डे. त्यात लाज काही नाही.

आणि मेल पाठवण्याआधी खाली जाऊन वॉचमनकाकांचं रजिस्टर बघून ये. चावी घेतली की ते वेळ टाकून सही करतात की नाही? करत असतील तर त्या पानाचा फोटो मेलला जोड.

तुझी,
बाई